न कापलेला पट्टा

८ जानेवारी

चिसातो,

आज सकाळी अंगणातल्या काठीवर बर्फ एक मीटर साठ. परवापासून थांबायचं नाव नाही. छपरावरचं मी दोनदा ओढून काढलं. कमरेला दोर बांधला होता, पडले नाही, तेव्हा घाबरून धावत येऊ नकोस. नाहीतरी तू आता येणार नाहीसच.

मंगळवारच्या पेपरात तुझा फोटो आला. चौघीजणी शेवटच्या उंचवट्यावरून हवेत, आणि सगळ्यात पुढे तू. गावातल्या सहा जणांनी मला आणून दाखवला, जसा काही माझ्याकडे पेपर येतच नाही. मागचा गुडघा अजून आत पडतो तुझा. तिथे होक्काइदोत कोणी सांगत नाही का? पाठीचं कवच जॅकेटखाली नीट बसलेलं दिसलं, ते बरं वाटलं. स्नोबोर्डाची डावी कड मात्र मी असते तर एवढी धारदार ठेवली नसती. असो. तुझा तिथला कारागीर आणि तू.

पत्र हेल्मेटसाठी आहे. तू ते काळं रंगवलंयस. रंग बरा दिलाय, पण डाव्या कानावरच्या कडेचा टवका रंगाखालूनही दिसतो. भिंग घेऊन पाहिलं मी. ते आपलंच जुनं लाल हेल्मेट आहे. मला वाटलं होतं, नव्या संघाने तुला नवं दिलं असेल. इतकी मोठी माणसं, एवढे पुरस्कर्ते, आणि डोक्यावर घरचंच?

त्यात मी ठेवलेला ताईत अजून असणार. अस्तराच्या आत, मागच्या बाजूला. वरच्या देवळातला ताईत एका वर्षाचा असतो हे तुला सांगायला नको. तीन वर्षं झाली. त्याची मुदत कधीच संपली, असा ताईत जवळ बाळगणं चांगलं नाही. पंधरा तारखेला देवळासमोर पेंढ्याची होळी पेटेल, तेव्हा मी तो आगीत देईन. तू स्वतः काढायच्या भानगडीत पडू नकोस, देवाची वस्तू आहे, उगाच हात लावू नये. हेल्मेटसकट पाठव.

तू बिनहेल्मेटची राहू नयेस म्हणून वेगळ्या पार्सलने नवं पाठवते आहे. पांढरं आहे. शर्यतीच्या मान्यतेचं चिकटपत्र मागे लावलेलं आहे, तुझ्या मापाचं आहे, हनुवटीचा पट्टा मी दोनदा ओढून पाहिलाय. बोर्डाच्या दुकानदाराच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या त्यासाठी. ते घाल.

जुनं लवकर पाठव. नीट खोक्यात घालून.

आई

१६ जानेवारी

चिसातो,

एक मीटर पंचाहत्तर. खालच्या रस्त्यावरची बस दोन दिवस बंद होती.

पार्सल परत आलं. वर छापील अक्षरात लिहिलंय, घेण्यास नकार. पोस्टाचा माणूस ते माझ्या हातात देताना माझ्याकडे बघत नव्हता. त्याची मुलगी आपल्याकडेच बोर्ड मेण लावायला देते, त्याला सगळं ठाऊक आहे.

होळी काल झाली. मी नुसतीच उभी राहिले आणि काठीला लावलेली तांदळाची मोची भाजून परत आले.

तर ताईताचं सोडून देऊ. वयाचं बोलू. हेल्मेटच्या आत जो पांढरा टणक थर असतो तो घामाने, उन्हाने, थंडीने म्हातारा होतो. पाच हंगामांनंतर त्यात दम उरत नाही. तुझ्याला चार झाले. हे मी तुझी आई म्हणून सांगत नाही, बावीस वर्षं बोर्डांना धार लावणारी आणि हेल्मेटं तपासणारी बाई म्हणून सांगते. आपल्या खोऱ्यात कोणालाही विचार.

काल तुझ्या प्रशिक्षकांना, इवाबुची सरांना फोन केला. तुझा नंबर लागत नाही, तू माझा नंबर बंद करून ठेवलायस हे मला कळतं, म्हणून त्यांना केला. ते फार सभ्य माणूस आहेत. म्हणाले, "ताई, शर्यतीच्या तोंडावर मी मुलींच्या कानावर घरचं काही घालत नाही. हा माझा नियम आहे."

मी म्हटलं, "घरचं नाही हो, डोक्याचं आहे. ते हेल्मेट जुनं झालंय."

"मी स्वतः बघितलं. वरून ठणठणीत आहे. चिकटपत्र आहे. तपासनीसांनी दोनदा पास केलंय."

"आतून बघा ना. अस्तर काढून."

"ती अस्तराला हात लावू देत नाही कोणाला. आत ताईत आहे म्हणते. तुम्हीच ठेवलाय ना तो?"

मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "गेल्या वर्षीचं छप्पर आठवतं ना, ताई?"

आठवतं. मला काय आठवत नाही? छपरावरून पडले, पाठ मोडली, असं कळवलं होतं मी, आणि तू सराव टाकून विमानाने धावत आलीस. मी स्वयंपाकघरात मुळा किसत होते. तू दारात उभी राहून माझ्याकडे बघितलंस आणि बूटही न काढता परत फिरलीस. ते चुकलंच माझं. तुला बघायचं होतं, दुसरा मार्ग सुचला नाही. पण त्या एका थापेपायी आता माझं कुठलंच बोलणं खरं धरायचं नाही असं आहे का?

तू अजून त्याच शनिवारात अडकली आहेस. निवडीच्या शर्यतीचा आदला दिवस, तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची, मिनोरीची टक्कर, आणि मी मिनोरीच्या मार लागलेल्या हेल्मेटचा पट्टा कापला तो शनिवार. "एक दिवस, आई. एकच दिवस डोळे मिटले असतेस तर तुझं काय बिघडलं असतं?" हे तू म्हणालीस. आणि मी म्हणाले, "डोकं एकदाच मिळतं." मैत्रिणीची संघात जायची संधी गेली म्हणून तू माझ्याशी बोलेनाशी झालीस आणि पाच महिन्यांनी घर सोडलंस. मी तुला दोष देत नाही. फक्त माझ्यावरचा राग स्वतःच्या डोक्यावर काढू नकोस.

पांढरं हेल्मेट कपाटात ठेवलंय. एक निरोप आला तरी त्याच दिवशी पाठवीन.

आई

२१ जानेवारी

चिसातो,

बर्फ मोजलं नाही आज.

पहिली दोन पत्रं तू वाचलीस की नाही मला माहीत नाही. वाचली असशील तर हसली असशील, की ही बाई एकदा ताईत म्हणते, एकदा वय म्हणते. आता खरं सांगते.

त्या हेल्मेटच्या आत भेग आहे.

ताईत काढ. मागे सांगितलं होतं हात लावू नकोस, ते विसर. अस्तर खाली ओढ, ताईताखालची चिकटपट्टी सोलून टाक आणि थर उजेडासमोर धर. बोटाच्या एका पेराएवढी रेघ दिसेल. अंगठ्याने दाबलंस तर कड हलेल. तू लहानपणापासून माझ्या टेबलाखाली बसून हे बघितलंयस, तुला शिकवायची गरज नाही. तो थर एकदाच मार खातो. एकदा चेपला की संपला, मग वरून कितीही चकचकीत रंग दे.

भेग मला कधी दिसली ते सांगते. निवडीची शर्यत तू जिंकलीस, त्यानंतर आठवड्याने मी अस्तर धुवायला काढलं तेव्हा. तोवर तू त्या हेल्मेटला शुभ म्हणायला लागली होतीस. पेपरवाल्यांना सांगत होतीस. उशाशी घेऊन झोपत होतीस. माझ्याने पट्टा कापवेना. म्हटलं, पुढच्या महिन्यात नवं आणू, तोवर ताईत ठेवू, देव बघून घेईल. मग भांडण झालं, आणि तू ते घेऊनच निघून गेलीस.

मी, जिच्या कात्रीला अख्खं खोरं घाबरतं, ती मी. मार लागलेलं हेल्मेट कोणाचंही असो, शाळेतल्या पोरीचं असो की हॉटेलवाल्याच्या पाहुण्याचं, पट्टा दोन्ही बाजूंनी रिबिटाजवळ कापायचा, म्हणजे पुन्हा कोणी गाठ मारूनही घालणार नाही. मग ते मागच्या भिंतीवर लावायचं आणि खाली कागदी पट्टीवर तीन गोष्टी लिहायच्या: कोणाचं, मार कधी लागला, कापलं कोणी. माझ्या आधी हे दुकान चालवणाऱ्या ओबाता आजोबांनी मला ही सान्जोच्या लोहारांची कात्री आणि हा रिवाज एकाच दिवशी दिला. शंभराच्या वर हेल्मेटं असतील त्या भिंतीवर. फक्त तुझं एक नाही.

एक तारखेची शर्यत होक्काइदोत आहे, उतार बर्फाचा नाही तर काचेचा असतो तिथला. चौघी एकत्र सुटतात. कुणीतरी कुणाच्या तरी बोर्डाच्या शेपटीवर चढतं, आणि मग डोकं कुठल्या बाजूने आपटेल ते कोणाच्या हातात नसतं. मला झोप लागत नाही, चिसातो. जेवण जात नाही. दर वेळी तुझा चेहरा नाही डोळ्यांपुढे येत, ती रेघच येते.

माझ्याशी बोलू नकोस. मला माफ करू नकोस. फक्त अस्तर खाली ओढ.

आई

२९ जानेवारी

चिसातो,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मिनोरी घेऊन येते आहे. ती बाहेर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडतेय, निगाताहून दुपारचं विमान आहे, तेव्हा माझ्याकडे अर्धा तास आहे. सुरुवात-शेवट न बघता लिहिते.

मागच्या पत्रात मी तारीख खोटी लिहिली. भेग आठवड्यानंतर दिसली नाही. त्याच शनिवारी दिसली.

दुपारी चारच्या सुमाराला तुम्ही दोघी वर्कशॉपमध्ये आलात. तिसऱ्या वळणावर एकमेकींवर आदळल्या होतात आणि हसत होतात. मिनोरीच्या नाकातून रक्त येत होतं. तुम्ही दोन्ही हेल्मेटं माझ्या टेबलावर ठेवलीत आणि गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसलात. मी आधी मिनोरीचं उघडलं. मागे, तांदळाच्या दाण्याएवढी भेग. मग तुझं उघडलं. पेराएवढी. तुझी मोठी होती, चिसातो. दोन्ही शेजारी ठेवून बघितली मी. कितीतरी वेळ बघत बसले.

संघात जागा एकच होती. मान्यतेचं दुसरं हेल्मेट तुझ्या मापाचंही खोऱ्यात नव्हतं आणि मिनोरीच्याही नव्हतं, तिच्या डोक्याला तर आपण सगळेच भोपळा म्हणायचो. दोन्ही पट्टे कापले असते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघीही शर्यतीला नसतात. मी मिनोरीचा कापला. मग कात्री तुझ्या पट्ट्याखाली घातली आणि मिटवलीच नाही. तशीच सरळ खाली ठेवली. चिकटपट्टी लावली, वर ताईत ठेवला, अस्तर लावून टाकलं. ताईताखाली कोणी बघणार नाही हे मला माहीत होतं. तूसुद्धा नाही.

मिनोरी हरावी म्हणून मी कापला नाही असं तीन वर्षं स्वतःला सांगत आले. तिचं डोकं वाचावं म्हणूनच कापला. पण मग तुझं डोकं? तुझ्या डोक्यापेक्षा मला ती जागा मोठी वाटली. दुसरा काही अर्थ निघत नाही, मी खूप काढून बघितला. आणि त्यावर तू माझ्या तोंडावर म्हणतेस, एक दिवस डोळे मिटले असतेस तर. मिटले होते गं. तुझ्यासाठी मिटले होते, आणि तुलाच ते सांगायची सोय नव्हती.

सोमवारी हे सगळं इवाबुची सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, गेल्या वर्षी पाठ, या वर्षी भेग. तिला चार दिवस शांत राहू द्या." मग मी स्वतः यायचं ठरवलं. बॅग भरली. पण यायच्या आधी मिनोरीला सांगणं भाग होतं. ते तिला दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये.

ती त्यांच्या छपरावर होती. पहाटे उतारावर बर्फ दाबायचं यंत्र चालवते, दुपारी घरचं छप्पर. मी खालून हाक मारली. "काकू, बोला, हात थांबवत नाही, अंधाराच्या आत संपवायचंय," म्हणाली. खाली ये म्हटलं, तर, "तुम्हीच बोला ना, ऐकू येतंय." फावड्याच्या आवाजात माझं ऐकू जाईना, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. मान वर करून, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं. समोरच्या इगाराशीबाई खिडकी उघडून उभ्या राहिल्या त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

माझं संपलं तेव्हा मिनोरी छपराच्या कडेला येऊन बसली. पाय खाली सोडून.

"किती होती?" तिने विचारलं.

"काय?"

"तिची भेग. माझी तांदळाएवढी होती. तुम्ही भिंगातून दाखवली होतीत मला."

मी बोट वर करून पेर दाखवलं.

तिने फावडं मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाली, "दर वर्षी नवीन वर्षाला मी तुमच्याकडे लोणचं घेऊन येते, काकू. का येते माहितीये? लोक म्हणायचे, त्या बाईने तुझं वाटोळं केलं. मी सांगायचे, नाही, त्यांनी माझं डोकं वाचवलं. चिसातोशी मी यावरूनच भांडले. ती तुम्हाला शिव्या घालत होती आणि मी तुमची बाजू घेत होते."

"वाचवलंच ना," मी म्हटलं. मला लाज वाटायला हवी होती, पण तोंडातून तेच निघालं.

"हो. माझं वाचवलंत."

मग तिने छपरावरचं उरलेलं बर्फ काढलं. सगळं. मी खाली उभी होते. थंडीने पाय लाकूड झाले, पण हलले नाही. खाली उतरून तिने विचारलं, "बॅग कसली भरलीये इगाराशीबाई म्हणतात ती?"

"मी जाते तिच्याकडे."

"तुम्ही गेलात तर ती ते हेल्मेट आणखी घट्ट बांधेल. मी जाते. पांढरं कुठाय?"

मी आणून दिलं. मग तिने हात पुढे केला. "कात्रीही द्या."

दिली. डावरी आहे ना ती, कात्री हातात उलटीसुलटी करून बघितली. म्हणाली, "ही उजव्या हाताची आहे. चालेल."

चिसातो, हे पत्र ती तुझ्या हातात देईल. तुला फाडायचं असेल तर फाड, पण आधी तिच्यासमोर अस्तर ओढ. मी तिच्याकडे काही मागू नये एवढं मी तिचं नुकसान केलंय, आणि तरी तिलाच पाठवते आहे. एवढी खाली आले आहे मी.

हॉर्न वाजला.

आई

१ फेब्रुवारी

चिसातो,

सकाळी साडेसात. मिनोरीचा फोन नाही, निरोप नाही. मी केला नाही, कारण मी केला तर ती उचलणार नाही आणि मग मला काहीच उरणार नाही.

शुक्रवारी हातामिसान आले, आपल्या पोरांच्या शाळेचे प्रशिक्षक. चौदा बोर्डं माझ्याकडे होती, ती घेऊन गेले. अजून मेण लावून व्हायचं होतं. सोबत शाळेची हेल्मेटं पण नेली, मी पास केलेली सगळी. "पुन्हा तपासून घेतो दुसरीकडे," म्हणाले. वाकून नमस्कार केला आणि गेले. मी म्हटलं, "तपासा, तपासायलाच हवीत." ते खरंच मनापासून म्हटलं मी. काल दिवसभर दुकानात कोणी आलं नाही.

शर्यत दहाला आहे, फोनवर दाखवणार आहेत.

दुपारी दीड. पहिल्या फेरीला तू दिसलीस. फोनचा पडदा एवढासा, चौघी सुटायच्या दाराशी वाकून उभ्या, चेहरे चष्म्याआड. मी आधी पाय बघितले, मागचा गुडघा आत, म्हणजे तूच. मग वर बघायचं धैर्य होईना. चित्र अडकलं. गोल गोल फिरत राहिलं. मी टेबलाची कड धरून उभी होते, आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. चित्र सुरू झालं तेव्हा तुम्ही तिसऱ्या वळणावर होतात.

पांढरं होतं.

नंतरचं मला फारसं दिसलं नाही, डोळे भरून आले होते. उपांत्य फेरीत तू तिसरी आलीस, अंतिम फेरी अर्ध्या बोर्डाने हुकली. शेवटच्या उंचवट्यावर तू हवेत थोडी मागे झुकलीस, नव्या हेल्मेटची सवय नाही म्हणून असेल. जुनं असतं तर कदाचित पोचली असतीस. हे मी लिहिते आहे, कारण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

खाली जमिनीवर बसून रडले. मग मुळ्याचं सूप गरम करून प्यायले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

आई

७ फेब्रुवारी

चिसातो,

एक मीटर नव्वद. आज ऊन पडलंय, छपरावरून पाणी ठिबकतंय.

खोकं सकाळी आलं. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव, अक्षर तुझं. मी ते वर्कशॉपच्या टेबलावर ठेवलं आणि हात धुतले. का धुतले कोण जाणे.

सगळ्यात वर माझी पत्रं होती. पोस्टाने तीन पाठवली होती, तिन्ही तशीच, पाकिटांचा गोंदही न सुटलेला. चौथं मिनोरीबरोबर दिलेलं, ते त्यात नव्हतं. मी खोकं उलटं करून झटकलं, कागद चाळले. नव्हतं. एक तारखेचं अजून वाटेत असेल. सोबत तुझी चिठ्ठी नाही, मिनोरीची नाही. कात्री होती, पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेली.

आणि खाली हेल्मेट. ताईत काढलेला होता, चिकटपट्टी सोललेली. मी भिंग घेतलं नाही, गरज पडली नाही. पेराएवढी सोडली होती मी. आता ती मागून निघून डाव्या कानापर्यंत आली आहे, वीतभर. तीन हिवाळे तू ते घालून उड्या मारल्यास. मी ते हातात धरून किती वेळ बसले होते, सांगता येणार नाही. चहाचं पाणी आटून भांडं करपलं.

मग पट्टा बघितला. दोन्ही बाजूंनी कापलेला, दोन्हीकडे रिबिटाला लागून, मी शिकवलं होतं तसं. उजव्या बाजूचा काप वरून खाली उजवीकडे उतरलेला आणि एका झटक्यातला. तो तुझा. तू नेहमी असाच कापायचीस, दात-ओठ खाऊन. डाव्या बाजूचा उलट्या दिशेने तिरका, आणि कडेला दोनदा कात्री अडल्याच्या खुणा. उजव्या हाताची कात्री डाव्या हाताने चालवली की असंच होतं.

म्हणजे तुम्ही दोघी एका खोलीत होतात. एकीने धरलं असेल, दुसरीने कापलं असेल. काय बोललात मला माहीत नाही, आणि ते मला कळू नये हेच बरोबर आहे. माझ्याबद्दल बोलला असाल तर बरं काही बोलला नसालच. तरी मला फार बरं वाटलं. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मागच्या भिंतीवर जागा होती, पण तिथे लावलं नाही. दारासमोरच्या खांबावर लावलं, आत येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं, भेगेची बाजू बाहेर करून. कोणी आलंच तर.

खाली कागदी पट्टी चिकटवली. कोणाचं, तिथे तुझं नाव लिहिलं. मार कधी लागला, तिथे त्या शनिवारची तारीख लिहिली, निवडीच्या आदल्या दिवसाची. कापलं कोणी, या ओळीत बावीस वर्षं मी एकच नाव लिहीत आले. आज पहिल्यांदाच दोन नावं लिहिली, आणि त्यांत माझं नाही.

आई